जरा टेकू दे

दिवाळीच्या आधी आईला घेऊन महाद्वार रोडला गेले होते. खरेदी काही फार नव्हती. पणत्या, रांगोळी, साडीचे फॉल, मावशीच्या नातवाला एखादा ड्रेस. आईचे गुडघे दुखतात. बिनखांबी गणेश मंदिरापासून आम्ही चालत निघालो आणि महाद्वार यायच्या आतच ती म्हणाली, "जरा टेकू दे बाई मला."

मी इकडंतिकडं पाहिलं. शेकडो माणसं, दोन्ही बाजूंना दुचाक्यांची रांग, गजरे, बांगड्या, तोरणं, मोबाइलची कव्हरं. बसायला मात्र वीतभर जागा नाही. शेवटी आई एका कापडदुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदारानं पायरीला खेटून लावलेली स्वतःची मोपेड थोडी सरकवली आणि म्हणाला, "बसा की मावशी, निवांत बसा."

"तू जा, बघून ये. मी हितंच बसतो," आई मला म्हणाली. (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडं बायकाही 'मी बसतो' म्हणतात.)

दहा मिनिटांनी परत आले, तर आईनं समोरच्या बाईकडून रांगोळीचे छाप घेतले होते, त्याच दुकानातून फॉल घेतले होते आणि शेजारी टेकलेल्या दुसऱ्या एका बाईकडून गुडघ्याच्या डॉक्टरचा पत्ताही मिळवला होता. मी वणवण फिरून जेवढं आणलं, त्यापेक्षा तिनं बसून जास्त आणलं.

ती पायरी माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून गेले काही महिने मी एक विचित्र वाचन करतेय. आपल्या बाजारपेठांबद्दलचे कायदे, नियम, निकाल, धोरणं. एरवी कथा-कादंबऱ्या वाचणारी मी हे मजकूर साहित्यासारखेच वाचले. यातलं मुख्य पात्र कोण? त्याला काय करायची मुभा आहे? कुठली क्रिया या मजकुरात कधीच येत नाही?

उत्तर लवकर सापडलं. या सगळ्या मजकुरात माणसं चालतात, गाड्या धावतात, माल हलतो. थांबत कुणीच नाही. जो थांबतो, तो गुन्हेगार तरी असतो नाहीतर अडथळा.

पात्रपरिचय

सुरुवात 'पादचारी' या शब्दापासून करू. पायानं चालणारा. छान शब्द आहे, पण त्यात माणूस सतत कुठंतरी निघालेला आहे. 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगतं की रस्त्याचा विचार वाहनं हलवण्यासाठी न करता माणसं हलवण्यासाठी करा. हे वाक्य त्या काळात मोठं होतं आणि आजही बहुतेक शहरांना ते पचलेलं नाही. पण त्यातही क्रियापद 'हलवणं' हेच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतात. ती का मागतात? समोरासमोरून येणाऱ्यांना सहज पुढं जाता यावं म्हणून.

दुसरा शब्द 'रहदारी'. याचं नातं 'राहदारी'शी आहे. जुन्या कागदांत राहदारी म्हणजे वाटेवरचा परवाना किंवा वाटेवर घेतला जाणारा कर. म्हणजे रस्त्यानं जाणं हे मुळात कुणाच्या तरी परवानगीनं होत असे. टोलविरुद्ध काही वर्षं लढून 2015 च्या अखेरीस तो रद्द करायला लावणाऱ्या कोल्हापूरला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मात्र एक गोष्ट मनाला लागते. गाडीच्या वाटेवरचा कर हटवायला अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. चालणाऱ्याच्या वाटेसाठी असं कधी उतरलेलं मी पाहिलेलं नाही. मीही उतरले नाही.

तिसरा शब्द 'फेरीवाला'. फेरी मारणारा तो फेरीवाला, आणि आपली तक्रार काय, तर तो एका जागी बसतो! भाषेनंच त्याला फिरत राहायची शिक्षा दिलीय. 2014 च्या केंद्रीय कायद्यानं त्याला 'पथविक्रेता' असं नाव दिलं. पथावर विकणारा. या नावात पहिल्यांदाच त्याला उभं राहायला जागा मिळाली.

आणि चौथा, सगळ्यांत ताकदवान शब्द 'अतिक्रमण'. महापालिकांसाठीचा 1949 चा राज्याचा कायदा रस्त्यात पुढं आलेल्या, ठेवलेल्या, विकायला मांडलेल्या गोष्टींबद्दल बोलतो, आणि विकायला मांडलेल्या वस्तू नोटीस न देता हटवायचा अधिकार आयुक्तांना देतो. त्याच रस्त्याबद्दल 2014 चा कायदा वेगळं सांगतो. आधी सर्वेक्षण करा. ते पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला उठवू नका. हलवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस द्या. निर्णय घेणाऱ्या शहर समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असू द्या. एकाच रस्त्यावर दोन कायदे उभे आहेत. एक म्हणतो, विचारायची गरज नाही. दुसरा म्हणतो, विचारल्याशिवाय हात लावू नका. आपल्या शहरांत रोज यांतला कुठला कायदा ट्रकमधून उतरतो, हे तुम्ही पाहिलेलंच आहे.

या सगळ्या वाचनात थांबणाऱ्याची बाजू घेणारी जागा मला एका निकालात सापडली. 1989 साली सोदान सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रस्ते केवळ ये-जा करण्यासाठीच असतात, दुसऱ्या कशासाठीही नाहीत, एवढ्याच कारणावरून फुटपाथवरच्या छोट्या विक्रेत्याचा व्यवसायाचा हक्क नाकारता येणार नाही. अट एकच, नीट नियमन हवं. पुढं मे 2025 मध्ये त्याच न्यायालयानं वापरण्याजोग्या फुटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की माझ्या आईचं वाक्य कायद्याच्या भाषेत जवळजवळ लिहिलं गेलंय असं वाटतं. चालायला वाट हवी, आणि वाटेवर थांबायला जागाही हवी.

किरणाला वाट

थांबणाऱ्यासाठी जागा करायला रस्ते फार अरुंद आहेत, असं म्हणणाऱ्यांना कोल्हापूरचंच उदाहरण दाखवायला हवं. अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं पश्चिमेकडच्या महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यावर. महाद्वारापलीकडं इमारती उंच झाल्या आणि किरणं अडायला लागली, तेव्हा शहरानं काय केलं? मोजमाप केलं. कुठला कठडा, कुठली टाकी, कुठला मजला आड येतो याची यादी केली. काही अडथळे उतरवलेही.

मला यात शहर नियोजनाचा सगळ्यांत सुंदर धडा दिसतो. मोजक्या संध्याकाळी, काही मिनिटांसाठी येणाऱ्या पाहुण्याकरता या शहरानं वाट मोजली. गणपती विसर्जनाची मिरवणूक याच महाद्वार रोडवरून जाते, तेव्हा एकही दुचाकी आड येत नाही. नवरात्रात गर्दीसाठी रस्ते गाड्यांना बंद होतात. म्हणजे 'हे इथं शक्यच नाही' हे खरं नाही. देवासाठी शक्य आहे, मिरवणुकीसाठी शक्य आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी मात्र तो विचारच झालेला नाही.

पेठ या शब्दातही हीच शहाणीव आहे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार: कोल्हापूरच्या जुन्या पेठांची नावं वारांवरून आहेत. आठवडी बाजाराचं तत्त्व साधं असतं. जागा तीच, तिचा मालक वेळेप्रमाणं बदलतो. सकाळी बाजार, रात्री रस्ता. आजचं नियोजन नकाशावर पट्टे आखून कायमची वाटणी करायला बघतं, तिथं आपल्या आज्या-पणज्या घड्याळानं वाटणी करून मोकळ्या होत.

थांबणं हे राजकारणही असतं

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. या शहरात थांबण्याला मोठा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरची गोष्ट. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं. भर वस्तीत, मंदिरापासून जवळ. त्या काळात त्यांच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? राजर्षी शाहू महाराज आले. ते आपली गाडी तिथं थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो प्यायला लावत. ही गोष्ट आपण शाळेपासून समतेची गोष्ट म्हणून ऐकतो. ती बाजारपेठेचीही गोष्ट आहे. हुकूम काढून एक मुद्दा सिद्ध होतो. भर रस्त्यात दुकानासमोर थांबून, सगळ्यांना दिसेल असा कप हातात धरून दुसराच मुद्दा सिद्ध होतो. महाराजांची गाडी रहदारीच्या नियमाप्रमाणं नुसती पुढं निघून गेली असती, तर काहीच घडलं नसतं.

व्यापारी वस्ती कशी वसवायची हे शाहू महाराजांना ठाऊक होतं. 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसली, 1917 मध्ये जयसिंगपूर. पण मला त्यांचा नियोजनाचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय वाटतो तो गाडी थांबवण्याचा. बाजार ही अशी जागा असते जिथं एरवी एकमेकांच्या घरात न जाणारी माणसं एकमेकांच्या पुढ्यात थांबतात. ते थांबणं काढून घेतलं की उरतं ते निव्वळ दळणवळण.

बाहेर काय झालं

कोपनहेगननं 1962 साली स्ट्रॉयट हा आपला मुख्य खरेदीचा रस्ता गाड्यांना बंद केला. दुकानदार घाबरले होते, धंदा बुडेल म्हणाले. धंदा वाढला. त्याच शहरातले वास्तुरचनाकार यान गेल यांनी पुढं अनेक वर्षं रस्त्यांवरची माणसं मोजली, आणि त्यांच्या मोजणीत किती जण गेले याइतकंच किती जण थांबले, बसले, रेंगाळले याला महत्त्व होतं. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसांचं निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की गप्पा मारायला थांबलेले लोक बाजूला जात नाहीत, गर्दीच्या मधोमधच उभे राहतात. महाद्वार रोडला भेटलेल्या दोन कोल्हापूरकरांना पाहा. व्हाइटसाहेबांना तिकीट काढून इकडं यायची गरज नव्हती.

पण सगळीकडंच असं छान झालं नाही. अमेरिकेतल्या कॅलामाझू गावानं 1959 मध्ये आपला मुख्य रस्ता चालणाऱ्यांसाठी राखला, आणि 1998 मध्ये त्याचा काही भाग पुन्हा गाड्यांना उघडला. कारण गावाबाहेर मॉल उभे राहिले होते. गंमत अशी की ज्या व्हिक्टर ग्रुएन यांनी कॅलामाझूचा आराखडा दिला होता, त्यांनीच 1956 मध्ये मिनेसोटात पहिला मोठा बंदिस्त मॉल उभारला होता. मॉल म्हणजे काय? गाडीविना खरेदीचा रस्ता, फक्त छप्पर घातलेला आणि दारावर पहारेकरी बसवलेला. तुम्ही मॉलमध्ये का जाता, एकदा प्रामाणिकपणे आठवा. तिथं बसता येतं. आईची दहा मिनिटं किती किमतीची आहेत हे मॉलच्या मालकाला कळतं, शहराला कळत नाही.

आपल्याकडं पुणे महापालिकेनं 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रोडचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा केला, आणि पुढंही ती प्रथा ठेवली. रस्त्याच्या मधोमध पोरं खेळताना पाहून बरं वाटतं. पण वर्षातून एक दिवस म्हणजे चालणाऱ्याचा वाढदिवस झाला. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी हा 1.3 किलोमीटरचा रस्ता 2021 मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी, लाल दगडाची फरसबंदी, बसायला कठडे. आणि त्याच पट्ट्यात पथविक्रेत्यांना मनाई. चालायला जागा झाली, बसायलाही झाली, पण ज्यांच्यासाठी माणूस थांबायचा ते विक्रेते नियमाबाहेर गेले. चेन्नईच्या पाँडी बाजारात 2019 मध्ये रुंद पदपथ झाले, तिथलीही जुनी फुटपाथवरची विक्री आधीच एका इमारतीत हलवलेली होती. 'पादचारी' या शब्दाच्या आड कोणाला वगळता येतं, हे या दोन उदाहरणांत वाचायला मिळतं.

पलीकडची बाजू

आता मलाच उलट प्रश्न विचारते. महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी काय करायचं? त्यांच्या घरात आजारी माणसं आहेत, रात्री रुग्णवाहिका दारापर्यंत यायला हवी. उत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊ शकते. विक्रेत्यांची मांडणी पुढं पुढं सरकत राहिली तर व्हीलचेअरवरच्या माणसाला वाटच उरत नाही, आणि त्याचा हक्क विक्रेत्यापेक्षा कमी नाही. दुकानदार भाडं भरतो, कर भरतो, त्याच्या दारासमोर दुसऱ्यानं तोच माल मांडला तर त्याला राग येणारच. आणि कागल, पन्हाळा, गडहिंग्लजकडून येणारं कुटुंब दुचाकीवरच येतं. दुचाकी कुठं लावायची, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

यातला एकही प्रश्न मला खोटा वाटत नाही. म्हणूनच नियमन हवं, आणि 2014 च्या कायद्यानं त्याची रीतही दिलीय. 'नैसर्गिक बाजारपेठ', म्हणजे जिथं विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आलेत अशी जागा, हा शब्द त्याच कायद्यातला आहे. कोल्हापुरात तो लागू करायला जोतिबा रोडपेक्षा, कपिलतीर्थ मंडईच्या आसपासपेक्षा चांगली जागा कुठली? रुग्णवाहिकेची वाट रंगानं आखा आणि ती कोणासाठीही सोडू नका. विक्रेत्यांना जागा आणि वेळ नेमून द्या. दुचाक्या बाजाराच्या कडेला थांबवा. आणि हे सगळं ठरवताना गजरेवाली बाई टेबलाच्या याच बाजूला बसलेली असू द्या.

आपल्याकडं सगळी चर्चा पार्किंगवर येऊन थांबते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कुठल्या वापराच्या इमारतीला किती चारचाकी, किती दुचाकी लावायची सोय हवी, याचे तक्ते आहेत. बाजारपेठेच्या लांबीला किती जणांना बसता यावं, याचा तक्ता नाही. गाडीला थांबायचा हक्क आपण चौरस मीटरमध्ये लिहून ठेवलाय. माणसाच्या थांबण्याला 'अडथळा' म्हणतो.

1445 कोटींचं वाचन

हे सगळं आत्ताच का? 6 मे 2025 रोजी चौंडीला झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी 1445 कोटींचा आराखडा मंजूर झाला. ही रक्कम लहान नाही. परिसरातल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केलाय, आणि पुढं कशाचं काय होईल ते होवो. पण आराखडा हाही एक मजकूर असतो आणि तो वाचायचा हक्क आपल्याला आहे. तो मंदिरापुरता वाचला तर त्यात भाविक दिसेल, रांग दिसेल, गाडी दिसेल. भाविक दर्शन घेऊन निघून जातो. महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाईन हे सगळं मात्र उभं राहिलं ते दर्शनानंतर रेंगाळणाऱ्या माणसावर.

चप्पल लाईनवरून आठवलं. जून 2025 मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी मोबाइलवर केवढं रान उठवलं! बरोबरच होतं, 2019 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. पण ज्या गावानं जगाला चालायची चप्पल दिली, त्या गावात ती घालून निवांत चालायला, आणि दुसरा जोड घालून बघताना टेकायला, धड जागा नाही. याबद्दल एखादी स्टोरी टाकायला आपण विसरलो.

म्हणून या आराखड्याच्या परीक्षणासाठी माझी कसोटी साधी आहे. महाद्वारापासून कुठल्याही दिशेला शंभर पावलं चाला. त्या शंभर पावलांत पैसे न देता टेकायला जागा आहे का? तिथं सावली आहे का? बसल्या जागेवरून हात लांबवून पाच-दहा रुपयांचं काही विकत घेता येईल असा माणूस समोर आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर फरसबंदी कुठल्या दगडाची आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. तिन्हींचं 'नाही' असेल, तर तो 1445 कोटींचा बोळ झाला.

गेल्या आठवड्यात आईला परत घेऊन गेले. या वेळी ती आपण होऊनच त्या पायरीकडं वळली. पायरीवर आता दोन कुंड्या ठेवल्या होत्या. माझ्या पोटात धस्स झालं. दुकानदार आतून आला, एक कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि हसून म्हणाला, "मावशी, ह्या कुंड्या गाड्यांसाठी हायत. तुम्ही बसा."